वढूचा दवाखाना

येडगांवच्या धरणांतून कुकडीचें पाणी पाटानें पूर्वेकडे गेलें, ही गोष्ट जुन्नर-आंबेगांवचा इतिहास लिहिणारा सहसा विसरत नाहीं. परंतु त्याच पाण्यावर भिजलेल्या शेतांत वांकून काम करणाऱ्या गर्भवतीचें काय होतें, हा प्रश्न आम्हां इतिहासाच्या मंडळींना कधीं सुचला नाहीं. तो सुचला डॉक्टरांना. त्या कथेचा आरंभ पुण्याच्या रास्ता पेठेंत होतो.

डॉ. बानू कोयाजी यांचा जन्म १९१७ सालीं मुंबईस एका पारशी कुटुंबांत झाला. ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिक्षण घेऊन त्या १९४४ मध्यें पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांत आल्या. तेथें तेव्हां अवघ्या ४० खाटा होत्या. बाई तेथें अर्धशतकाहून अधिक काळ राहिल्या. खाटा पांचशेंवर गेल्या. एवढें कर्तृत्व कोणासही पुरेसें वाटलें असतें. पण जी बाळंतीण पुण्यापर्यंत पोंचतच नाहीं, तिला या वाढलेल्या खाटांचा काय उपयोग? १९७० नंतरच्या दशकांत रुग्णालयानें शिरूर तालुक्यांतील वढू बुद्रुक येथें काम उभारलें, आणि गांवांतल्याच माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्याचें काम त्यांच्या हातीं दिलें. १९९३ सालीं बाईंना मॅगसेसे पारितोषिक मिळालें; २००४ मध्यें त्या निवर्तल्या.

मला त्या पारितोषिकाहून मोलाचें वाटतें तें निराळेंच. त्याच रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक प्रभृति संशोधकांनीं, साउदॅम्प्टनच्या विद्वानांच्या सहकार्यानें, १९९० नंतरच्या दशकांत पुणें जिल्ह्यांतील सहा खेड्यांतल्या सुमारें ८०० गर्भवतींचा अभ्यास केला. गर्भारपणापूर्वीं त्यांचें सरासरी वजन ४२ किलोसही पोंचत नव्हतें. पूर्ण दिवसांच्या बाळाचें भरलें २६६५ ग्रॅम. आई पोटभर जेवली कीं बाळ बाळसेदार, ही आपली घरगुती समजूत. येथें मात्र एकूण अन्नाचा वा प्रथिनांचा बाळाच्या वजनाशीं संबंध आढळला नाहीं. आढळला तो पालेभाज्या, फळें व दूध यांचा. शिवाय शेतकाम, विहिरीचें पाणी आणणें अशीं कष्टाचीं कामें जिला अधिक, तिचें बाळ लहान. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालें असें नव्हे, हें तर्कशास्त्राचा विद्यार्थीही सांगेल. तरी मनांत येतें, डोहाळेजेवणास आपण पंचपक्वान्नें करतों, फुलांची वाडी भरतों. तिच्या डोक्यावरचा हंडा मात्र दुसऱ्या दिवशीं तसाच असतो.

संशोधकांनीं त्या बाळांचा पिच्छा सोडला नाहीं. त्यांचीं वजनें, रक्त, शर्करा यांच्या नोंदी वर्षानुवर्षें होत राहिल्या. २०१२ पासून, वयांत आलेल्या त्याच मुलामुलींना, त्यांना स्वतःला मुलें होण्यापूर्वींच, बी-१२ हें जीवनसत्त्व देऊन पाहण्याचा प्रयोग सुरू झाला. पहिल्या नोंदवहींत ज्यांचें वजन ग्रॅमांत लिहिलें गेलें, त्यांतल्या कित्येक मुलींचीं नांवें पुढें आईच्या रकान्यांत आलीं.