'मूळ' आणि 'अस्सल' : जुन्या मोटारींच्या विक्रीतील दोन शब्दांचा इतिहास

जुन्या मोटारीच्या विक्रीची जाहिरात वरवर पाहता एका यंत्राचे वर्णन करते. वस्तुतः ती इतिहासाविषयी एक विधान करीत असते. 'काम अर्धवट राहिलेली', 'संपूर्ण जीर्णोद्धार केलेली', 'कधीही हात न लागलेली' ही विशेषणे केवळ मोटारीची अवस्था सांगत नाहीत. तिच्यातील किती द्रव्य मूळचे आहे आणि तिचे किती पूर्वचरित्र तिच्याबरोबर विकले जात आहे, याची ती ग्वाही देतात. किंमत या ग्वाहीवर ठरत असल्यामुळे शब्दार्थाचा हा वाद कोशकारांपुरता मर्यादित राहिलेला नाही.

या व्यवहारातील आरंभीची परिभाषा कालवाचक होती. इंग्लंडमध्ये १९३० साली 'व्हेटरन कार क्लब' आणि १९३४ साली 'व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब' स्थापन झाला. यांपैकी 'व्हिंटेज' हा शब्द मूळचा द्राक्षांच्या हंगामाचा. मोटारींच्या संदर्भात तो १९३० अखेरपर्यंत तयार झालेल्या गाड्यांना लावण्यात आला. गाडी किती जुनी, एवढाच येथे प्रश्न होता. ती कितपत 'तीच' आहे, हा प्रश्न उपस्थित होण्याचे कारण नव्हते. त्या काळी अनेक कारखाने केवळ चाकांसह सांगाडा व इंजिन पुरवीत आणि वरची काया ग्राहक वेगळ्या कारागिराकडून बांधून घेई. पुढे काया बदलणे हा सामान्य व्यवहार मानला जाई. शर्यतीच्या गाड्यांत तर भागांची अदलाबदल नित्याचीच होती.

या नित्याच्या अदलाबदलीतूनच पुढे एक विलक्षण खटला उद्भवला. 'ओल्ड नंबर वन' या नावाने प्रसिद्ध असलेल्या बेंटली स्पीड सिक्स गाडीने १९२९ साली वुल्फ बार्नाटो व टिम बर्किन यांच्या, आणि १९३० साली बार्नाटो व ग्लेन किडस्टन यांच्या हाती फ्रान्समधील ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली. १९३२ साली तिच्यात आठ लिटरचे इंजिन बसविण्यात आले. त्याच वर्षी ब्रुकलँड्सच्या शर्यतमार्गावर ती कठड्यापलीकडे गेली आणि तिचा चालक क्लाइव्ह डन्फी मरण पावला. त्यानंतर तिच्यावर बंदिस्त काया चढली व कालांतराने तिला पुन्हा उघड्या गाडीचे रूप देण्यात आले. १९९० साली ती एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला. परंतु करारात सांगितलेली गाडी ती ही नव्हे, अशी भूमिका घेऊन खरेदीदार कंपनीने माघार घेतली.

लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे तज्ज्ञांनी गाडीच्या एकेका भागाची वंशावळ मांडली. १९२९ साली कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाडीचे जवळजवळ काहीही उरलेले नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. म्हणून तिला 'मूळ' म्हणता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. तथापि 'अस्सल' हे विशेषण तिला नाकारले नाही. नवे भाग क्रमाक्रमाने आणि दीर्घ काळात सामावले गेल्यामुळे गाडीची ओळख कोणत्याही टप्प्यावर तुटली नाही. शिवाय त्या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी गाडीही अस्तित्वात नाही, हा निकालाचा आधार होता. विकले जात होते ते केवळ लोखंड नव्हते, तर इतिहास व कीर्तीही. निकाल विक्रेत्याच्या बाजूने लागला.

भारतीय वाचकाला येथे 'मिलिंदप्रश्ना'तील रथाची आठवण व्हावी. आस, चाके, जू यांपैकी एकही रथ नव्हे. 'रथ' हे या अवयवांच्या आश्रयाने चालणारे व्यवहारनाम होय, असे नागसेन राजाला पटवून देतो. न्यायालयाची दृष्टी याच्या जवळची असली तरी एका बाबतीत वेगळी होती : ते नाम अखंड वाहत आले पाहिजे, अशी अट तिने घातली.

बाजाराने मात्र पुढे याच्या विरुद्ध टोकाकडेही ओढ दाखविली. १९२५ सालची एक बुगाटी ब्रेशिया २००९ साली माज्जोरे सरोवराच्या तळातून वर काढण्यात आली. गंजाने निम्मीशिम्मी खाल्लेला तो सांगाडा २०१० साली पॅरिसच्या लिलावात २,६०,५०० युरोंना गेला, आणि नव्या मालकाने तो दुरुस्त न करताच प्रदर्शनात मांडला. फ्रान्समधील रोजे बायों यांनी संग्रहालयाच्या संकल्पाने १९५० च्या दशकापासून गाड्या जमविल्या होत्या. पैशाअभावी तो संकल्प अपुरा राहिला. शेडमध्ये पडून राहिलेल्या त्यांच्या ५९ गाड्या २०१५ साली लिलावात आल्या, तेव्हा धुळीने माखलेल्या एका १९६१ च्या फेरारीला एक कोटी साठ लाखांहून अधिक युरो मिळाले. त्या विशिष्ट फेरारीच्या दुर्मिळतेचा वाटा यात मोठा होता, हे खरे. परंतु धूळ हा दोष न राहता पुरावा ठरला, हेही तितकेच खरे. कसर लागलेली पण अस्पर्श पोथी पाठचिकित्सकाला 'शुद्ध' करून लिहिलेल्या नव्या प्रतीपेक्षा अधिक मोलाची वाटते, त्यातलाच हा प्रकार. एकदा खरवडलेला रंग पुन्हा लावता येतो; पण तो पहिला रंग असत नाही.

भारतात हा प्रश्न २०२१ साली नियमांच्या भाषेत उतरला. त्या वर्षी केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 'व्हीए' या अक्षरांची स्वतंत्र नोंदणी सुरू झाली. वाहन मूळ स्वरूपात असावे आणि त्याच्या सांगाड्यात, कायेत वा इंजिनात भरीव फेरफार झालेला नसावा, ही तिची अट आहे. लंडनच्या न्यायालयात 'अस्सल' ठरलेली बेंटली या कसोटीस उतरणे कठीण. कारण येथील कसोटी द्रव्याची आहे, तेथील अखंडतेची होती.

या दोन कसोट्यांपैकी एकच खरी मानण्याचे कारण नाही. परंतु त्या एकाच शब्दाखाली झाकल्या गेल्या की फसवणुकीला वाव मिळतो, आणि विक्रीबरोबर पुरावाही नष्ट होतो. अर्धवट राहिलेल्या गाडीत कोणते भाग जुने व कोणते नवे हे बहुधा उघड दिसते. चकाकत्या जीर्णोद्धारात तेच झाकले जाते. म्हणून 'मूळ' या एका विशेषणापेक्षा कोणता भाग कोणत्या वर्षीचा, कोणी व का बदलला, याची नोंद अधिक विश्वसनीय होय. ती नोंद जेथे आहे, तेथे मोटार इतिहासाचे साधन ठरते. जेथे नाही, तेथे सुबक विशेषणाखाली केवळ एक जुने यंत्र उरते.