खिद्रापूरचा कोपेश्वर : दान कोणाचे, बांधणी कोणाची?

कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, शिरोळ तालुक्यात, कृष्णाकाठी खिद्रापूर वसले आहे. तेथील कोपेश्वर मंदिर कोणी बांधले, असे विचारले की दोन उत्तरे ऐकू येतात : शिलाहारांनी आणि यादवांनी.

दुसऱ्या उत्तराचा मुख्य आधार म्हणजे मंदिराच्या दक्षिण दाराजवळचा संस्कृत शिलालेख. देवनागरी लिपीतील हा लेख इ.स. 1213-14 चा. यादव राजा सिंघण याने कुडलदामवाड हे गाव कोपेश्वरास अर्पण केल्याचे त्यात नमूद आहे.

पण हा लेख दानाचा आहे, बांधणीचा नव्हे. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे अनेक मंदिरांचे श्रेय भलत्याच राजाच्या पदरी पडले आहे.

सिंघणाने शिलाहार राजा दुसरा भोज याचा पराभव केला तो इ.स. 1212 च्या सुमारास. म्हणजे दानलेख आणि विजय यांत जेमतेम एक-दोन वर्षांचे अंतर. एवढ्या अवधीत असे मंदिर पायापासून उभे राहणे अशक्यच.

तुलनेसाठी त्याच काळातले इंग्लंड पाहा. सॉल्झबरीच्या कॅथेड्रलचा पाया 1220 मध्ये घातला गेला. मुख्य वास्तू पुरी व्हायला 38 वर्षे लागली, आणि आज प्रसिद्ध असलेला उंच मनोरा तर त्यानंतरच चढला.

तेव्हा सिंघण आला त्या वेळी कोपेश्वर उभा होता, पूजाअर्चा चालू होती. जिंकलेल्या राजाच्या देवाला गाव देणे ही निव्वळ भक्ती नव्हे. नवा धनी जुन्या देवस्थानाचा योगक्षेम चालवील, असे त्यातून प्रजेला आणि पुजाऱ्यांना सांगितले जाई. मंदिराची घडण 12 व्या शतकातली, शिलाहारांच्या अमलातली मानणे हेच सयुक्तिक.

आता स्वर्गमंडप. 48 खांबांचा हा खुला मंडप; मधल्या वर्तुळात 12 खांब, आणि त्यांच्यावर छताऐवजी सुमारे 13 फूट व्यासाचे गोल गवाक्ष. छत अर्धवट राहिले, असे कोणी म्हणतात. होमाचा धूर जावा म्हणून ते मोकळे ठेवले, असे गावकरी सांगतात.

येथे बांधणीचे तंत्र समजून घ्यायला हवे. युरोपीय कमानीला लाकडी आधार लागतो, आणि मधला दगड बसेपर्यंत तो काढता येत नाही. आपल्याकडचे घुमटाकार छत वेगळे. दगडांचे एकेक वलय खालच्या वलयापेक्षा थोडे आत सरकवत नेतात. प्रत्येक वलय पुरे झाले की त्यातले दगड परस्परांना रेटून धरतात. त्यामुळे काम कोणत्याही वलयावर थांबवले तरी छत टिकते. म्हणजे ते आठशे वर्षे उभे आहे, एवढ्यावरून काम पुरे झाले की थांबले, हे ठरत नाही.

मात्र गवाक्षाच्या बरोबर खाली जवळपास तेवढ्याच व्यासाची एकसंध वर्तुळाकार शिळा आहे. अशी रंगशिळा बंद छताखालीही असते, हे मान्य. तरीही वरची कड आणि खालची शिळा यांचा मेळ पाहता गवाक्ष हेतुपूर्वक ठेवले, याच मताकडे माझा कल आहे.

शिखराबाबत असा वाद नाही. आज दिसते ते उत्तरकालीन आहे, आणि खालच्या कोरीव दगडी भिंतींशी त्याचे काम जुळत नाही. शिलाहारांचे मंदिर पाहायचे तर नजर शिखराखालीच ठेवावी.