बाल सुरक्षा आसन

बाल सुरक्षा आसन म्हणजे मोटारीतून प्रवास करणाऱ्या अर्भकांना व लहान मुलांना अपघाताच्या किंवा अचानक ब्रेक लागण्याच्या वेळी जागच्या जागी धरून ठेवणारे स्वतंत्र आसन होय. बोलीभाषेत त्यास ‘बेबी कार सीट’ किंवा नुसतेच ‘कार सीट’ असे म्हणतात. मोटारीतील सीटबेल्ट प्रौढांच्या देहाच्या मापाने बनविलेला असतो. लहान मुलाच्या बाबतीत तो गळ्यावर आणि पोटावर येतो व अपघातात त्यानेच इजा होऊ शकते. ही उणीव भरून काढण्याचे काम हे आसन करते. मात्र आसन विकत घेणे आणि ते योग्य रीतीने बसविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सैल बसविलेले आसन धडकेच्या क्षणी बाळासह पुढे फेकले जाते आणि मग त्याचा उपयोग फारसा उरत नाही.

गरज व कार्यतत्त्व

धावत्या मोटारीतील प्रत्येक व्यक्ती मोटारीच्याच वेगाने पुढे जात असते. धडकेमुळे मोटार थांबते, परंतु आतील देह जडत्वामुळे पूर्वीच्याच वेगाने पुढे जात राहतो. ताशी ५० किलोमीटर हा वेग प्रतिसेकंद सुमारे १४ मीटर इतका असतो. या वेगाने जाणारी मोटार एक दशांश सेकंदात थांबली, तर ८ किलो वजनाच्या बाळाला धरून ठेवण्यासाठी सुमारे ११० किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. म्हणजे मांडीवरचे बाळ त्या क्षणी कापसाच्या एका क्विंटलाहून जड होते. इतके ओझे कोणत्याही आईच्या, वडिलांच्या वा आजीच्या हातांना अकस्मात पेलणे शक्य नाही. मूल मोठ्या माणसाच्या पुढ्यात असेल, तर मागून येणाऱ्या त्या माणसाच्या भाराखाली ते चिरडण्याचाही धोका असतो. एकाच सीटबेल्टमध्ये मोठे माणूस व मूल या दोघांना बांधणे याच कारणाने घातक ठरते.

ताशी ५० किलोमीटर वेगाची धडक ही सुमारे १० मीटर, म्हणजे तीन मजले उंचीवरून पडण्यासारखी असते. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. बाल सुरक्षा आसन हा आघात बाळाच्या खांदे, पाठ व कंबर या तुलनेने बळकट भागांवर वाटून देते. तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे व जड असते, तर मान कोवळी असते. म्हणून त्याचे तोंड मोटारीच्या मागील बाजूकडे ठेवतात. समोरून धडक बसल्यास डोके, मान व पाठ आसनाच्या पाठीवर एकत्र दाबली जातात आणि मानेला हिसका बसत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या अनुमानानुसार, योग्य रीतीने वापरलेल्या आसनामुळे मोटारीतील एक वर्षाखालील बालकांच्या मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी, तर १ ते ४ वर्षे वयाच्या बालकांचा ५४ टक्क्यांनी कमी होतो.

इतिहास

मोटारीतील मुलांची पहिली आसने सुरक्षेसाठी नव्हती. मुलाने खिडकीबाहेर पाहावे व एका जागी बसावे, एवढाच त्यांचा हेतू होता. १९५९ मध्ये व्होल्वो कंपनीचे अभियंते निल्स बोहलिन यांनी तीन टोकांचा सीटबेल्ट तयार केला. १९६२ मध्ये ब्रिटनमध्ये जीन एम्स आणि अमेरिकेत लेनर्ड रिव्हकिन यांनी मुलांच्या रक्षणासाठी खास आसने मांडली. त्याच दशकात स्वीडनमधील बर्टिल ऑल्डमन यांनी अंतराळवीरांच्या आसनांवरून कल्पना घेऊन मागे तोंड असलेले आसन विकसित केले. अमेरिकेच्या टेनेसी राज्यात १९७८ पासून अशा आसनाचा वापर कायद्याने बंधनकारक झाला.

प्रकार

बाळाचे वजन व उंची यांवरून आसनाचा प्रकार ठरतो. संयुक्त राष्ट्रांच्या ‘आर-४४’ या नियमावलीत वजनानुसार गट केलेले आहेत, तर २०१३ पासून लागू झालेल्या ‘आर-१२९’ या नियमावलीत उंची हा मुख्य निकष आहे.

पृष्ठाभिमुख आसन: यात बाळाचे तोंड मोटारीच्या मागील बाजूकडे असते. आर-४४ नुसार १० किलोपर्यंतचा गट ‘०’ व १३ किलोपर्यंतचा गट ‘०+’ होय. आर-१२९ नुसार १५ महिने पूर्ण होईपर्यंत बाळ याच दिशेने बसविणे आवश्यक आहे. आसनाची मर्यादा संपेपर्यंत त्यानंतरही तसेच बसविणे अधिक सुरक्षित मानले जाते.

अग्राभिमुख आसन: यात तोंड पुढे असते व मुलाला आसनाच्याच पट्ट्यांनी बांधतात. आर-४४ मधील ९ ते १८ किलोचा गट ‘१’ या प्रकारात येतो.

बूस्टर: यात मुलाला उंच करून मोटारीचाच सीटबेल्ट योग्य जागी आणला जातो. १५ ते २५ किलो व २२ ते ३६ किलो हे गट यात मोडतात.

परिवर्तनीय आसन: हे आधी मागे व नंतर पुढे तोंड करून वापरता येते.

आसन बसविण्याची पद्धत

प्रत्येक आसनासोबत एक पुस्तिका येते व मोटारीच्या पुस्तिकेतही मुलांच्या आसनासंबंधी स्वतंत्र प्रकरण असते. दोन्ही वाचून मगच आसन बसवावे. आसन विकत घेण्यापूर्वी ते आपल्या मोटारीत ठेवून पाहणे हिताचे असते. काही मोटारींत मागचा सीटबेल्ट अर्भकाच्या आसनाला वळसा घालण्याइतका लांब नसतो.

१. जागा: आसन नेहमी मागच्या सीटवर बसवावे. मधली जागा दोन्ही दारांपासून दूर असल्याने चांगली, परंतु तेथे आसन घट्ट बसत नसेल तर कडेची जागा निवडावी. भारतात वाहने डावीकडून चालत असल्याने डाव्या दाराने बाळाची चढ-उतार सोयीची होते.

२. एअरबॅग: चालू एअरबॅगसमोर पृष्ठाभिमुख आसन कधीही ठेवू नये. एअरबॅग उघडताना तिचा तडाखा थेट बाळाच्या डोक्यामागील आसनावर बसतो व तो प्राणघातक ठरू शकतो. भारतात आता नव्या मोटारींत पुढच्या सहप्रवाशासाठीही एअरबॅग सक्तीची आहे.

३. सीटबेल्टने बसविणे: आसनावर दाखविलेल्या मार्गातूनच सीटबेल्ट ओवावा. बहुतेक आसनांवर पृष्ठाभिमुख मांडणीसाठी निळ्या व अग्राभिमुख मांडणीसाठी लाल खुणा असतात. बेल्ट पिळलेला नसावा. बक्कल लावल्यावर आसनावर हाताने वा गुडघ्याने भार देऊन बेल्टचा सगळा सैलपणा काढावा. आसनावर बेल्ट धरून ठेवणारी चाप असल्यास ती बंद करावी.

४. आयसोफिक्सने बसविणे: मोटारीची सीट व पाठ यांच्या सांध्यात पक्क्या बसविलेल्या दोन लोखंडी कड्यांत आसनाचे दोन दांडे अडकविण्याच्या पद्धतीस आयसोफिक्स म्हणतात. दांडे नीट बसल्यावर आवाज येतो व बहुधा हिरवी खूण दिसते. या दोन कड्यांवर आसन पुढे कलू शकते, म्हणून तिसरा आधार लागतो. तो आसनाच्या डोक्यामागील पट्टा किंवा पुढील आधारपाय असतो. आधारपाय मोटारीच्या पक्क्या तळावर टेकला पाहिजे. तळाखाली सामानाचा कप्पा असल्यास मोटारीच्या पुस्तिकेतील सूचना पाहावी.

५. कल: नवजात बाळाचे आसन पुरेसे मागे कललेले असावे. ते फार उभे असल्यास बाळाची हनुवटी छातीला टेकते व श्वासाला अडथळा येतो. बहुतेक आसनांवर कल दाखविणारी खूण असते. मोटार सपाट जागी उभी करून ती पाहावी.

६. तपासणी: ज्या ठिकाणातून बेल्ट जातो तेथे आसन धरून डावीकडे-उजवीकडे व पुढे-मागे ओढावे. ते अडीच सेंटिमीटरहून अधिक हलत असल्यास पुन्हा आवळावे. सीटबेल्ट वापराने सैल होऊ शकतो, म्हणून ही तपासणी प्रत्येक प्रवासापूर्वी करावी.

बाळाला बांधणे

बाळाची पाठ व कंबर आसनाला पूर्ण टेकलेली असावी. खांद्यावरचे पट्टे पृष्ठाभिमुख आसनात खांद्याच्या पातळीत किंवा किंचित खालून, तर अग्राभिमुख आसनात खांद्याच्या पातळीत किंवा किंचित वरून निघावेत. पट्टे आवळल्यावर खांद्याजवळ पट्ट्याची घडी चिमटीत धरता येऊ नये. घडी येत असेल तर पट्टा सैल आहे असे समजावे.

बाळाला दुपट्यात गुंडाळून आसनात ठेवू नये. पट्टा पायांमधून व खांद्यांवरून जाणे आवश्यक असते आणि गुंडाळलेल्या बाळाच्या बाबतीत ते शक्य होत नाही. जाड कपड्यांवरून पट्टे घट्ट वाटतात, परंतु धडकेच्या वेळी कापड दबते व पट्टा सैल पडतो. अंगात झबल्यासारखे साधे कपडे घालून आधी पट्टे बांधावेत आणि थंडी असल्यास दुपटे वा गोधडी पट्ट्यांच्या वरून पांघरावी. पाठीखाली उशी वा बाजारातील वेगळी गादी घालू नये.

लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी थांबून बाळाला आसनातून बाहेर घ्यावे. दूध पाजण्यासाठी मोटार थांबविणे आवश्यक आहे, कारण त्या वेळी बाळ आसनाबाहेर असते. मोटारीबाहेर हे आसन पाळण्यासारखे वापरणे व बाळाला त्यात तासन्तास झोपविणे योग्य नव्हे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाबाबत दवाखान्यातून निघण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

वापरलेले आसन

नात्यात एका बाळाचे कपडे दुसऱ्याला देण्याची रीत आहे. आसनाच्या बाबतीत मात्र त्याचा इतिहास ठाऊक असल्याखेरीज तसे करू नये. मोठ्या अपघातातून गेलेले आसन बाहेरून शाबूत दिसले तरी आतून तडकलेले असू शकते, म्हणून ते पुन्हा वापरत नाहीत. प्लास्टिक व पट्टे उन्हाने आणि वयाने कमकुवत होतात. त्यामुळे अनेक आसनांवर वापराची अंतिम मुदत छापलेली असते. मूळ पुस्तिका व प्रमाणपत्राची चिठ्ठी नसलेले आसन टाळावे.

भारतातील कायदा व मानके

मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ अन्वये मूळ कायद्यात कलम १९४-ब समाविष्ट झाले. १४ वर्षांखालील मूल सीटबेल्टने किंवा बाल सुरक्षा साधनाने बांधलेले नसल्यास वाहन चालविणाऱ्यास, तसेच ते चालवू देणाऱ्यास, १,००० रुपये दंडाची तरतूद यात आहे. बाल सुरक्षा साधनांसाठी भारतात ‘एआयएस-०७२’ हे मानक आहे. आयात आसनांवर युरोपीय मान्यतेची, वर्तुळात ‘ई’ अक्षर असलेली चिठ्ठी आढळते.

१ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ या मूल्यांकनात मोटारीला बाल प्रवाशांच्या सुरक्षेसाठी स्वतंत्र तारे दिले जातात. चाचणीत दीड व तीन वर्षांच्या बालकांएवढे पुतळे बाल सुरक्षा आसनांत बसविलेले असतात. त्यामुळे हे तारे आसनाशिवाय मांडीवर बसलेल्या मुलाला लागू होत नाहीत.

दुचाकीवर असे आसन बसविता येत नाही. तिच्यासाठी केंद्र सरकारने १५ फेब्रुवारी २०२२ रोजी वेगळे नियम अधिसूचित केले. चार वर्षांपर्यंतच्या मुलाला चालकाशी जोडणारा, ३० किलो भार पेलणारा पट्टा, ९ महिन्यांपुढील मुलाला मापाचे हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा असे त्यांचे स्वरूप आहे.

वऱ्हाडातील प्रवास

अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा व यवतमाळ या जिल्ह्यांच्या वऱ्हाड प्रदेशात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा आहे. त्यामुळे बाळाचे पहिले दोन प्रवास, म्हणजे दवाखान्यातून आजोळी आणि काही महिन्यांनी आजोळहून स्वतःच्या घरी, ठरलेले असतात. अमरावती व अकोला या शहरांमधील अंतर सुमारे १०० किलोमीटर असून बडनेरा, मूर्तिजापूर व बोरगाव मंजू या मार्गाने राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ जातो. जून २०२२ मध्ये याच टप्प्यात ७५ किलोमीटर लांबीच्या एका मार्गिकेचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने गिनीज विक्रम नोंदविला. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. तो अमरावती, वाशीम व बुलढाणा जिल्ह्यांतून जातो व त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची कमाल वेगमर्यादा आहे. या वेगाच्या धडकेतील ऊर्जा ताशी ५० किलोमीटरच्या तुलनेत पावणेसहा पट असते. रस्ता गुळगुळीत असला म्हणजे मांडीवरचे बाळ सुरक्षित आहे, हा समज म्हणूनच घातक ठरतो. परतवाडा ते चिखलदरा या घाटरस्त्यावर वेग कमी असला तरी वळणावळणाला आसन कलंडू नये, यासाठी ते तितकेच घट्ट असावे लागते.

भाड्याच्या मोटारीत बाल आसन असेलच असे नाही. सीटबेल्टने बसणारे, सहज काढता-घालता येणारे आसन अशा वेळी स्वतःचे नेता येते. त्यासाठी मागच्या सीटचे बेल्ट व बक्कल चालू स्थितीत आहेत का, हे मोटार ठरवतानाच विचारून घ्यावे. सीटवरील आच्छादनाखाली बक्कल दडपलेले असणे ही नेहमीची अडचण आहे.

उन्हाळ्यातील दक्षता

अकोल्यात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. उन्हात बंद उभ्या मोटारीतील तापमान बाहेरच्याहून पुष्कळ वाढते व ही वाढ बहुतांशी पहिल्या अर्ध्या तासातच होते. बाळाचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते, म्हणून आसनात झोपलेल्या बाळाला क्षणभरही बंद मोटारीत एकटे ठेवू नये. बक्कलचा धातूचा भाग उन्हाने तापून चटका देतो. मोटार उभी असताना आसन पांढऱ्या कापडाने झाकावे व बाळाला बसविण्यापूर्वी बक्कल हाताने चाचपून पाहावे.

हे सुद्धा पहा

सीटबेल्ट
एअरबॅग
समृद्धी महामार्ग
मोटार वाहन कायदा, १९८८