लहान मालमोटारींतलें मोठें एंजिन

छकड्यास हत्ती जुंपावा असें कोणी म्हटलें तर आपण हंसाल. परंतु अमेरिकेंतील हौशी कारागिरांनीं लहान पिकअप मालमोटारीच्या बाबतींत जवळजवळ तेंच केलें, आणि त्यांना तें साधलेंहि. तें कसें साधलें, हें आज सांगावयाचें आहे.

हा नाद तसा जुना. 1932 सालीं फोर्ड कंपनीनें सामान्य माणसास परवडणाऱ्या मोटारींत आठ सिलिंडरांचें एंजिन घातलें. आधींच्या 'मॉडेल ए'चें एंजिन 40 अश्वशक्तीचें, हें 65 चें. पुढें तीं एंजिनें भंगारांत मिळूं लागलीं आणि तरुण मंडळी तीं जुन्या, हलक्या गाड्यांत बसवूं लागली. 1955 सालीं शेव्हरोलेनें 265 घन इंचांचें आटोपशीर व्ही-आठ एंजिन काढलें. त्याचे वाढते अवतार अनेक दशकें निघत राहिले, आणि हौशी लोकांच्या मनांतली फोर्डची जागा त्यांनीं घेतली.

मग 1973 व 1979 चे तेलाचे तुटवडे आले. काटकसर हा परवलीचा शब्द झाला. शेव्हरोलेची 1982 ची 'एस-10' ही पिकअप त्याच काळचें अपत्य. तिचें मूळ एंजिन चार सिलिंडरांचें, अवघें 1.9 लिटरचें. 1988 पासून तिला 4.3 लिटरचें सहा सिलिंडरांचें एंजिनहि मिळूं लागलें, आणि खरी गंमत येथेंच आहे. हें एंजिन म्हणजे 350 घन इंचांच्या व्ही-आठचें, दोन सिलिंडर कमी असलेलें, सख्खें भावंड. सिलिंडरचा व्यास 4 इंच, दट्ट्याची धांव 3.48 इंच, दोन्ही मापें तींच. पाठीमागचीं बोल्टांचीं भोंकेंहि तींच, त्यामुळें गिअरबॉक्सला दोहोंत भेद कळत नाहीं. फरक लांबीचा. शेजारच्या दोन सिलिंडरांच्या मध्यांतलें अंतर 4.4 इंच, सुमारें तेवढें एंजिन लांबतें, आणि पंखा व रेडिएटर यांची जागा तेवढीच आकसते. कारागिराचे दिवस जातात ते या चार इंचांत.

एंजिन बसलें म्हणजे काम संपलें असें मानणारे पुष्कळ. मला मात्र तो मोठा प्रमाद वाटतो. मागचा आंस व त्यांतील दंतचक्रें, पुढच्या स्प्रिंगा, ब्रेक, हीं सारीं जुन्या, हलक्या एंजिनाच्या हिशेबानें केलेलीं असतात. आंस मोडला तर गाडी रस्त्यांत उभी राहते, एवढेंच. ब्रेक अपुरे पडले तर ती उभीच राहत नाहीं.

कारखान्यानें स्वतः हा प्रयोग केला तो निराळ्या वाटेनें. 1991 सालीं जनरल मोटर्सच्या जीएमसी शाखेनें 'एस-10'च्याच घराण्यांतली 'सायक्लोन' काढली. आठ सिलिंडर घातलेच नाहींत, 4.3 लिटरच्याच एंजिनाला टर्बो जोडून 280 अश्वशक्ति मिळविली, ती चारी चाकांना दिली, आणि ब्रेक दाबतां चाकें जखडूं नयेत अशी योजनाहि केली. अशा गाड्या तीन हजारांहून कमीच निघाल्या. तिच्यावर 500 पौंडांपलीकडे भार लादूं नये, असें कंपनीचेंच सांगणें होतें. नांव मात्र मालमोटारीचेंच राहिलें.