मूत्रपिंड निकामी होणे, दीर्घकालीन (बेळगाव–निपाणी सीमाभाग)
दोन्ही मूत्रपिंडांची रक्त गाळण्याची क्षमता हळूहळू घटून मिनिटाला 15 मिलिलिटरखाली जाणे. मधुमेह व उच्च रक्तदाब ही मुख्य कारणे; तंबाखूने ऱ्हास वेगावतो, आणि निपाणी तर तंबाखूचीच पेठ. बराच काळ दुखत-खुपत नाही. रक्तातील क्रिएटिनिन व लघवीतील प्रथिने तपासल्यासच कळते. डायलिसिस बहुधा आठवड्यातून तीनदा, दरवेळी सुमारे चार तास. त्यासाठी केलेला फिस्तुला (धमनी व शिरेची जोडणी) असलेल्या हातावर रक्तदाब मोजू नये, डायलिसिसखेरीज सुई टोचू नये. पोटॅशियम वाढलेल्यांना ‘पौष्टिक’ शहाळेही घातक ठरू शकते. कर्नाटकातल्या निपाणीकरांना बेळगावपेक्षा महाराष्ट्रातले कोल्हापूर जवळ; पण सरकारी योजना राज्याची हद्द पाहते. 2023 मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातील 865 गावांना महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना लागू केली. कर्नाटकाने हरकत घेतली.