मॅट्रिक्सची भाषा आणि मराठवाडा

१/ नांदेडजवळ विष्णुपुरीत १९८१ साली श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. १९८३ मध्ये लातूरला एम. एस. बिडवे अभियांत्रिकी महाविद्यालय. त्याच सुमारास अमेरिकेत एक संगणकभाषा आकार घेत होती. पुढे ती जगभरच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळांची बोली झाली. तिचे नाव मॅटलॅब.

२/ परक्या भाषेतून उच्च शिक्षण घेणे मराठवाड्याला नवे नव्हते. निजामाच्या राज्यात १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. पण अभियांत्रिकीच्या वर्गात इंग्रजी आली, आणि संगणकासोबत त्याची स्वतःची भाषाही.

३/ ती भाषा तेव्हा फोरट्रान होती. तीन समीकरणे सोडवायची तरी आधी प्रोग्रॅम लिहा, मग तो यंत्राच्या भाषेत उतरवून घ्या. न्यू मेक्सिको विद्यापीठात शिकवणाऱ्या क्लीव्ह मोलर यांना हा खटाटोप विद्यार्थ्यांच्या माथी मारायचा नव्हता.

४/ १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मॅटलॅब रचले. त्यात संख्यांचा चौकोनी तक्ता, म्हणजे मॅट्रिक्स, हेच मूळ एकक. समीकरणे दोन तक्त्यांत मांडायची, मध्ये एक उलटी तिरपी रेघ द्यायची, की उत्तर पडद्यावर!

५/ १९७९-८० च्या हिवाळ्यात मोलर यांनी ते स्टॅनफर्डच्या वर्गात वापरले. गणिताच्या विद्यार्थ्यांना त्याचे विशेष वाटले नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी मात्र ते उचलून धरले. १९८४ मध्ये जॅक लिटल, स्टीव्ह बँगर्ट आणि मोलर यांनी मॅथवर्क्स कंपनी काढली.

६/ आता व्याकरण सोपे झाले, पण परवान्याला पैसे पडू लागले. फ्रान्सच्या इन्रिया संस्थेत घडलेले सायलॅब १९९४ मध्ये विनामूल्य खुले झाले. योगायोग असा की, नांदेड, लातूर, परभणी (आणि आजचे हिंगोली) यांच्यासाठीचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही त्याच वर्षीचे, १७ सप्टेंबरचे.

७/ दोन्ही भाषा सख्ख्या बहिणींसारख्या, तरी फसवतात. मॅटलॅबमध्ये टक्क्याच्या चिन्हापुढचा मजकूर निव्वळ टीप ठरतो. सायलॅबमध्ये तेच चिन्ह ‘पाय’सारख्या स्थिरांकाच्या आधी लागते, टिपेसाठी दोन तिरप्या रेघा.

८/ राहिला प्रश्न समजावणाऱ्या भाषेचा. दहावीपर्यंत मराठीत शिकलेले मूल अकरावी विज्ञानात इंग्रजीत पडते. ‘लातूर पॅटर्न’ने नावारूपाला आलेल्या शहरातही हा सांधा बदलतोच. आयआयटी मुंबईत प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने इथे हात घातला. सायलॅबचे छोटे धडे चित्रफितींत आले. पडद्यावर इंग्रजी आज्ञा, कानावर मराठी निवेदन. ऐकायचे, थांबवायचे, शेजारच्या खिडकीत स्वतः करून पाहायचे.

९/ त्याच संस्थेच्या फॉसी प्रकल्पात विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणे सायलॅबमध्ये लिहून सर्वांसाठी खुली केली. शिकणाराच शिकवणारा झाला.

१०/ आज्ञा आजही इंग्रजीच आहेत, चूक दाखवणारा संदेशही इंग्रजीच. मात्र ती आज्ञा का द्यायची, हे मराठीतून कळले की विद्यार्थी ती घोकत नाही, वापरतो. मोलर यांनी गणित आणि यंत्र यांतले अंतर कमी केले. विद्यार्थी आणि गणित यांतले अंतर मात्र त्याच्या स्वतःच्या भाषेतूनच कापावे लागते.