रग्बीच्या शाळेतील बंड

विद्यार्थी शिक्षकावर उलटला की आपण काळाला किंवा आईबापांच्या लाडाला दोष देऊन मोकळे होतो. परंतु ही तक्रार आजची नव्हे. इंग्लंडातील रग्बीच्या शाळेत नोव्हेंबर १७९७ मध्ये जे घडले, ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

मुख्याध्यापक हेन्री इंगल्स हे कडक शिस्तीचे. एक मुलगा पिस्तुलातून बुचाच्या गोळ्या झाडताना त्यांना आढळला. बंदुकीची दारू कोठून आणलीस, असे विचारता त्याने गावातील एका वाण्याचे नाव सांगितले. वाण्याने कानांवर हात ठेवले. त्याच्या वहीत त्या विक्रीची नोंद चहा म्हणून होती! इंगल्स यांनी वही खरी मानली आणि खोटे बोलल्याबद्दल मुलाला फटके दिले. सोबत्यांनी वाण्याच्या खिडक्या फोडल्या. वरच्या दोन वर्गांनी नुकसान भरून द्यावे, असा हुकूम सुटताच बंड पेटले. मुलांनी दारू ठासून मुख्याध्यापकांच्या खोलीचे दार उडविले, बाके व पुस्तके जाळली आणि आवारातील खंदकाने वेढलेल्या टेकाडाचा आश्रय घेतला. अखेर सैनिकांना पाचारण करावे लागले. समोर दंगलीचा कायदा वाचला जात असता सैनिक मागून खंदक ओलांडून आले.

या बंडाचा एक म्होरक्या विलोबी कॉटन हा पुढे, १८४७ ते १८५० या काळात, मुंबई लष्कराचा सरसेनापती होता. तेव्हा ही मुले जात्याच शिस्तीला पारखी होती, असे म्हणता येत नाही. फटके त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. खरे बोलणाऱ्याला शिक्षा व्हावी, हे मात्र त्यांना सोसवले नाही.

१८२८ मध्ये त्याच शाळेत टॉमस अर्नोल्ड आले. छडी त्यांनीही सोडली नाही; पण मुलाच्या शब्दावर विश्वास ठेवण्याचा परिपाठ घातला. १८३२ मध्ये त्यांनीच एका मुलाला खोटा ठरवून झोडपले. तो निर्दोष होता असे कळताच त्यांनी साऱ्या शाळेसमोर त्याची क्षमा मागितली.

दोन्ही बाजू ऐकल्यावाचून निकाल देऊ नये, हे कचेरीत बसणाऱ्या आपणांस कोणी शिकवावे लागत नाही. मुलाच्या बाबतीत मात्र वाण्याची वही पाहिली की आपली चौकशी संपते.